हालचाल टिपणारा कॅमेरा कन्सोलसोबत सक्तीने द्यावा का? (निमित्त: किनेक्ट)

सातवा_मजला (धागाकर्ता)

नवा कन्सोल (टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र) येणार म्हटलं की एक मागणी हमखास वर येते: हालचाल ओळखणारा कॅमेरा डब्यातच द्या, म्हणजे गेम बनवणाऱ्यांना तो गृहीत धरता येईल. हा प्रयोग एकदा पूर्ण ताकदीनिशी झालेला आहे, त्यामुळे चर्चा त्याच्याच आकड्यांवर व्हावी असं वाटतं. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन कन्सोल आणि त्याच्यासोबतचा दुसऱ्या पिढीचा किनेक्ट, म्हणजे हालचाल आणि आवाज टिपणारा त्यांचा कॅमेरा.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. कॅमेरा डब्यात देणं ही एक. तो जोडल्याशिवाय कन्सोल चालूच न होणं ही दुसरी. मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने यंत्र जाहीर केलं तेव्हा दोन्ही अटी होत्या. दुसरी अट ऑगस्ट २०१३ मध्ये, विक्री सुरू व्हायच्या आधीच, मागे घेतली गेली. पहिली ९ जून २०१४ पर्यंत चालली. त्या दिवशी किनेक्टविना डबा ३९९ डॉलरला बाजारात आला.

ही किंमत महत्त्वाची, कारण २२ नोव्हेंबर २०१३ ला एक्सबॉक्स वन ४९९ डॉलरला आला आणि आठवडाभर आधी सोनीचा प्लेस्टेशन ४ (पीएस४) ३९९ डॉलरला आलेला होता. सोनीचा कॅमेरा वेगळा, ५९ डॉलरला. आयएचएस या संस्थेने यंत्र उघडून सुट्या भागांचा अंदाज काढला, त्यात किनेक्टचा वाटा सुमारे ७५ डॉलर होता. किनेक्ट कधीच वापरणार नाही असं ठरवून बसलेला गिऱ्हाईकही तेवढे पैसे मोजत होता.

भारतात एक्सबॉक्स वन सप्टेंबर २०१४ मध्ये आला, तोवर सक्ती उठली होती. त्यामुळे इथे पहिल्या दिवसापासून दोन डबे होते: किनेक्टविना ३९,९९० रुपये आणि किनेक्टसह ४५,९९०. पीएस४ त्याच जानेवारीत ३९,९९० लाच आला होता. इथल्या माणसाला सहा हजारांचा फरक समोर दिसत होता आणि निवडही त्याच्या हातात होती. मला हीच पद्धत योग्य वाटते.

पैशांपलीकडेही एक किंमत होती. ग्राफिक्स चिपचा साधारण १० टक्के वेळ किनेक्ट आणि सिस्टिमसाठी राखून ठेवलेला असायचा. गेममध्ये किनेक्टचा वापर शून्य असला तरी तो गेमला मिळत नसे. जून २०१४ च्या डेव्हलपर किटमध्ये (गेम बनवणाऱ्यांना मिळणारा सॉफ्टवेअर संच) ही राखीव ताकद मोकळी केली. मूळ चिप १.३१ टेराफ्लॉप्सची (हे गणिती ताकदीचं माप), समोर पीएस४ ची १.८४. मुळात कमी असलेल्यातून दहावा भाग काढून ठेवायचा, तोही न वापरण्यासाठी!

माझं मत स्पष्ट आहे: सक्ती नको. पण उलट बाजूही ताकदीची आहे, ती कुणीतरी नीट मांडावी.

---

पिक्सेलपाटील

धागा चांगला आहे, पण ग्राफिक्सच्या मुद्द्यात एक दुरुस्ती. एक्सबॉक्स वनवर गेम ९०० पी ला (१६०० गुणिले ९०० पिक्सेलच्या चित्राला) अडकायचे, १०८० पी ला (१९२० गुणिले १०८०) पोचत नसत, त्याचं खापर बरेच जण किनेक्टवर फोडतात. मुख्य कारण दुसरं होतं.

त्या चिपमध्ये ३२ एमबी ची ईएसरॅम ही वेगवान मेमरी होती आणि बाकी मेमरी डीडीआर३, म्हणजे त्यामानाने संथ. १९२० गुणिले १०८० चा एक पडदा (मेमरीत ठेवलेलं एक अख्खं चित्र), प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरले तर ८.३ एमबी होतो. आजकालच्या पद्धतीने चित्र काढताना असे चार-पाच पडदे एकाच वेळी लागतात. पाच धरले तर ४१ एमबीच्या वर, म्हणजे ईएसरॅममध्ये मावत नाहीत. १६०० गुणिले ९०० ला तोच पडदा ५.७६ एमबी, पाच मिळून २८.८. मावतात. ९०० हा आकडा बराचसा इथून आला. शिवाय कॉम्प्यूट युनिट (ग्राफिक्स चिपमधले हिशेब करणारे भाग) १२, पीएस४ मध्ये १८.

१० टक्के परत मिळाल्याने फायदा झालाच. पण १०८० पी ला ९०० पी पेक्षा ४४ टक्के जास्त पिक्सेल लागतात. दहा टक्क्यांत ही दरी भरून निघत नाही. काठावर असलेल्या गेमना हात मिळाला, एवढंच म्हणता येईल.

---

सातवा_मजला

@पिक्सेलपाटील, दुरुस्ती मान्य. ४४ टक्क्यांचा हिशेब द्यायलाच हवा होता. तरी राखीव ताकदीचा मूळ आक्षेप राहतोच: जी गोष्ट वापरात नाही तिच्यासाठी यंत्राचा भाग कायम अडवून ठेवू नये. हे कॅमेऱ्यालाच काय, कुठल्याही जोडउपकरणाला लागू आहे.

---

इंद्रायणीकाठ

उलट बाजू मी मांडतो, कारण मला ती मनापासून पटते.

पहिला किनेक्ट घ्या. ४ नोव्हेंबर २०१० ला अमेरिकेत आला, १४९.९९ डॉलर. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख विकले गेले, गिनीज बुकात नोंद आहे. फेब्रुवारी २०१३ पर्यंत २ कोटी ४० लाख. यश म्हणावं असेच आकडे. पण तोवर तो ज्याला जोडायचा ते एक्सबॉक्स ३६० (एक्सबॉक्स वनच्या आधीचे कन्सोल) विकले गेले होते सुमारे ७ कोटी ६० लाख. म्हणजे तीन कन्सोलमागे एक किनेक्ट.

आता गेम बनवणाऱ्याच्या जागी बसा. किनेक्टवरच चालणारा गेम बनवला तर दोन तृतीयांश बाजार पहिल्याच दिवशी बाद. मग तो काय करतो? नेहमीचा कंट्रोलरचा गेम बनवतो आणि वर दोन-चार आवाजी आज्ञा किंवा एखादं हात हलवण्याचं फीचर चिकटवतो. ते फीचर निकामी वाटतं. लोक म्हणतात कॅमेऱ्यात दम नाही. उरलेलेही घेत नाहीत. सुट्या विकलेल्या प्रत्येक उपकरणाचं हेच होतं.

याउलट निन्टेन्डोचा वी हा कन्सोल बघा. हालचालीचा रिमोट प्रत्येक डब्यात होता, जपान सोडून बहुतेक देशांत वी स्पोर्ट्स हा गेमही सोबत होता. १० कोटींच्या वर वी विकले गेले आणि प्रत्येक घरात तोच रिमोट. म्हणून गेम त्याच्याभोवती बनले. २००९ मध्ये निन्टेन्डोने रिमोटची अचूकता वाढवणारा मोशन प्लस हा जोडभाग सुटा आणला, तेव्हा त्याला लागणारे गेम मोजकेच निघाले. कंपनी तीच, ग्राहकही तेच. फक्त डब्यात असणं आणि नसणं एवढाच फरक.

दुसऱ्या किनेक्टची सक्ती सात महिन्यांतच उठवली. रेअर स्टुडिओचा किनेक्ट स्पोर्ट्स रायव्हल्स हा गेम एप्रिल २०१४ मध्ये आला आणि मे महिन्यात सक्ती उठल्याची घोषणा झाली. ज्या अटीच्या भरवशावर तो बनला तीच महिनाभरात गेली. नवं तंत्र रुजायला दोन-तीन वर्षं लागतात, ती त्याला मिळालीच नाहीत.

---

शून्यविलंब

@इंद्रायणीकाठ, मुद्दा मजबूत आहे. पण वी आणि किनेक्ट यांची बरोबरी करताना एक तांत्रिक फरक सुटतो.

वीमध्ये टीव्हीजवळ ठेवायची पट्टी म्हणजे नुसते इन्फ्रारेड दिवे. ते टिपणारा कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी असतो. ब्लूटूथने ती माहिती लगेच जाते आणि हातात बटण असतंच. बंदूक झाडायची तर बटण दाबा, मेन्यू निवडायचा तर बटण दाबा.

किनेक्टमध्ये बटण नाही. 'मी हे निवडलं' एवढं सांगायलाही हात स्थिर धरावा लागतो किंवा पुढे ढकलावा लागतो. त्यात विलंब. दोन्ही किनेक्टचा अंतर मोजणारा कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणजे एका चित्राला ३३ मिलिसेकंद. त्यावर सेन्सरमधून माहिती बाहेर येण्याचा वेळ, सांगाडा (माणसाचे सांधे कुठे आहेत ते) ओळखण्याचा वेळ, गेमची एक-दोन फ्रेम आणि टीव्हीचा स्वतःचा विलंब. बेरीज सहज १०० मिलिसेकंदांच्या वर. नाचाच्या गेममध्ये ताल आधीपासून माहीत असतो, म्हणून हे खपतं. हार्मोनिक्सचे डान्स सेंट्रल त्यामुळेच उत्तम चालले. नेमबाजीत आणि गाडी चालवण्यात नाही खपत. स्टील बटालियन: हेवी आर्मर (२०१२) या गेममध्ये कंट्रोलर आणि किनेक्ट दोन्ही सक्तीचे होते. रणगाड्याची झडप उघडायला हात पुढे केला तर भलताच लीव्हर ओढला जायचा. कॅमेरा घरोघरी पोचल्याने ही अडचण सुटली नसती.

डब्यात द्यायचं तर ते बहुसंख्य गेमचं मुख्य साधन होऊ शकेल का, हा प्रश्न आधी विचारायला हवा. रिमोट होऊ शकला. बटण नसलेला कॅमेरा नाही.

(टीव्हीचा विलंब कमी करायला गेम मोड लावा. चित्र 'सुधारणारी' बहुतेक प्रक्रिया बंद होते. किनेक्टवाल्यांनी तर हे पहिलं करावं.)

---

तारकेबल

जागेबद्दल कुणीच बोललं नाही. सक्तीचा सगळ्यात मोठा अडसर तोच आहे, निदान मुंबई-ठाण्याच्या घरांत तरी.

साधी भूमिती. पहिल्या किनेक्टचा उभा कोन ४३ अंश. माणूस १७० सेंटिमीटर उंच, हात वर केले की साधारण २१५. कॅमेरा मधल्या उंचीवर धरला तर अख्खा माणूस मावायला २.७ मीटर लागतात, म्हणजे ९ फूट. हात खाली असतील तर ७ फूट. कंपनीने एकासाठी ६ आणि दोघांसाठी ८ फूट सांगितलं होतं, पण उड्या आणि हात वर करणं आलं की ६ पुरत नाहीत. दुसऱ्या किनेक्टचा कोन ६० अंश केला. तिथे हात वर धरून १.८६ मीटर, जवळपास ६ फूट.

आता १० फूट खोल हॉल घ्या. टीव्ही युनिट सव्वा फूट, समोर सोफा किंवा दिवाण अडीच फूट. उरले सव्वासहा. पहिला किनेक्ट बसत नाही. दुसरा जेमतेम बसतो, तोही टीपॉय उचलून बाहेर ठेवला तर. वन आरकेमध्ये प्रश्नच मिटला. लंडन, टोकियोतल्या फ्लॅटवाल्यांचीही हीच तक्रार होती.

बाकी नेहमी बिघडतं ते:

ऊन. पहिला किनेक्ट ८३० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड ठिपक्यांची जाळी खोलीवर टाकतो आणि ठिपके किती सरकले त्यावरून अंतर काढतो. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचं ऊन आलं की ठिपके धुऊन निघतात, माणसाच्या अंगावर भोकं दिसतात. दुसरा प्रकाश जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजतो, तो बराच सोसतो, तरी थेट उन्हात तोही चाचपडतो. पडदा ओढा, जाडसर.

आरसा आणि काच. आरशाचं कपाट कॅमेऱ्यासमोर असेल तर खोटी खोली तयार होते. काचेच्या टीपॉयवर ठिपके उडतात.

कपडे. साडी, घेरदार कुर्ता, लुंगी यांत गुडघा आणि घोटा दिसत नाही, मग प्रणाली अंदाज बांधते आणि पाय थरथरताना दिसतात. कुठला पिक्सेल कुठल्या अवयवाचा हे शिकवलेलं असतं ते शरीराच्या बाह्यरेषेवरून. नऊवारी काष्टा घातलेली बाई पाचवारीपेक्षा नीट ओळखली जाते, कारण पाय वेगळे दिसतात. काळं मखमली किंवा लोकरी कापड इन्फ्रारेड गिळतं, तेही टाळा.

स्पीकर. किनेक्ट स्पीकरवर किंवा कन्सोलवर ठेवू नका, कंपनाने मोजमाप हलतं. जमिनीपासून २ ते ६ फूट उंच, टीव्हीच्या मधोमध, फळीच्या पुढच्या कडेला. आणि पहिल्या किनेक्टची मान हाताने कधीही वळवू नका. आत मोटर आहे, दात तुटतात.

ज्या उपकरणाला घराची रचना बदलावी लागते ते प्रत्येकाच्या गळ्यात मारता येत नाही. माझ्यासाठी वाद इथेच संपतो.

---

बिनआवाज

तारकेबल, कपड्यांचा मुद्दा पहिल्यांदाच वाचला, आणि तो अगदी खरा आहे.

मी फक्त खाजगीपणाबद्दल लिहितो. जून २०१३ मध्ये अमेरिकी सरकारच्या पाळतीबद्दलची स्नोडेनची कागदपत्रं बाहेर आली आणि त्याच उन्हाळ्यात कंपनी म्हणत होती की हॉलमध्ये कॅमेरा आणि चार माइक जोडलेच पाहिजेत. 'एक्सबॉक्स ऑन' म्हटल्यावर यंत्र जागं व्हायचं, तर माइक सतत ऐकत असणार हे उघड आहे. कंपनीने सेटिंगमध्ये बंद करायची सोय दिली. पण सेटिंगवर विश्वास ठेवणं आणि वायर काढून टाकणं यात फरक आहे. लेन्सवर झडप नव्हती. जोडणं सक्तीचं असतं तर वायर काढायचा मार्गच बंद होता. ऑगस्टमध्ये ती अट गेली हे फार बरं झालं.

विजेचंही बघा. ऐकत राहणाऱ्या स्टँडबायमध्ये एक्सबॉक्स वन दहा वॅटच्या वर घ्यायचा. दिवसाचे २० तास धरले तर दहा वॅटनेच वर्षाला ७३ युनिट. ऊर्जा वाचवण्याच्या मोडमध्ये हा खर्च नगण्य होतो, पण मग आवाजाने सुरू होत नाही.

---

मधुरा_फिजिओ

सगळे विरोधात लिहिताहेत, म्हणून या कॅमेऱ्याचं खरं मोल कुठे आहे ते सांगते. डोक्याला-हाताला काहीही न बांधता, सांध्यांचे कोन मोजणारं इतकं स्वस्त साधन त्याआधी नव्हतं. खांदा किती वर जातो, चालताना वजन कुठे पडतं, हे घरच्या टीव्हीसमोर दिसतं. पक्षाघातानंतरच्या व्यायामांसाठी यावर जगभर काम झालं. पहिला किनेक्ट दोन माणसांचे प्रत्येकी २० सांधे ओळखतो, दुसरा सहा माणसांचे प्रत्येकी २५, त्यात अंगठा आणि बोटांचं टोकही.

पण यातूनच सक्तीविरुद्धचा मुद्दाही निघतो. व्हीलचेअरवरच्या माणसाला पूर्ण सांगाडा शोधणारी प्रणाली नीट ओळखत नाही, खुर्चीचे हात म्हणजे त्याचे पाय समजते. विंडोजच्या एसडीके १.५ मध्ये (पीसीवर किनेक्ट चालवायचा सॉफ्टवेअर संच), मे २०१२ ला, बसलेल्यांसाठी वेगळा मोड आला, तो वरचे १० सांधेच बघतो. ज्याच्यात असा मोड नाही तो गेम त्या माणसाला बंद. म्हणून कॅमेऱ्याने जे होतं ते कंट्रोलरनेही झालंच पाहिजे.

---

शून्यविलंब

आता अशी जागा जिथे कॅमेरा डब्यात हवाच होता आणि दिला नाही.

ऑक्टोबर २०१६ चा पीएसव्हीआर, म्हणजे पीएस४ ला जोडून डोळ्यांवर घालायचा व्हीआर हेडसेट. हेडसेटवरचे निळे दिवे पीएस कॅमेरा बघतो आणि डोकं कुठे आहे ते ठरवतो. कॅमेऱ्याशिवाय तो चालतच नाही. तरी ३९९ डॉलरच्या मूळ डब्यात कॅमेरा नव्हता. माणूस डबा घरी नेणार, उघडणार, आणि परत दुकानात जाणार. २०१७ मध्ये सोनीने त्याच किमतीत कॅमेरा घातला. मग पीएस५ आला, त्याचा नवा एचडी कॅमेरा पीएसव्हीआरला चालत नाही. जुनाच कॅमेरा हवा आणि त्याला जोडणी. ती सोनीने मोफत दिली, हे योग्य झालं. पीएसव्हीआर२ (फेब्रुवारी २०२३) मध्ये कॅमेरे हेडसेटमध्येच आहेत, समोर काही ठेवावं लागत नाही.

म्हणून माझा निकष: उपकरण ज्याच्याविना चालत नाही ते डब्यातच द्या. ज्याच्याविना चालतं ते सुटं विका. निन्टेन्डोने स्विच २ या कन्सोलचा कॅमेरा सुटा ठेवला तो याच विचाराने योग्य. आणि नेक्स प्लेग्राउंडसारखं यंत्र, जे शरीराच्या हालचालीवरच खेळायचं आहे, त्यात कॅमेरा अंगचाच आहे. तिथे सक्ती म्हणायचंही कारण नाही, घेणारा तेच घ्यायला आलेला असतो.

---

इंद्रायणीकाठ

@शून्यविलंब, निकष पटला. पण मग सक्तीने विकलेल्यांचं पुढे काय झालं याचीही जबाबदारी त्यात धरा. ऑगस्ट २०१६ च्या एक्सबॉक्स वन एस मध्ये किनेक्टचं पोर्टच नव्हतं, वेगळा ॲडॉप्टर लागायचा. ऑक्टोबर २०१७ मध्ये किनेक्टचं उत्पादन बंद. जानेवारी २०१८ मध्ये ॲडॉप्टरचंही. २०२० च्या सिरीज एक्स आणि एस वर तो चालतच नाही. ज्यांनी २०१३ मध्ये नको असताना पैसे मोजले, त्यांच्याकडे कन्सोल बदलल्यावर निरुपयोगी पट्टी उरली. माझं म्हणणं एवढंच: डब्यात द्यायचं तर पुढच्या पिढीपर्यंत पोर्ट किंवा मोफत जोडणी द्यायचं बंधन स्वतःवर घ्या. ते झेपत नसेल तर सक्ती करू नका.

---

सातवा_मजला

हे मात्र शंभर टक्के. मूळ लेखात हा मुद्दा नव्हता, तुमच्यामुळे आला.

---

वाचक_नाशिक

वाचतोय. एक व्यावहारिक प्रश्न. जुन्या बाजारात एक्सबॉक्स ३६० आणि किनेक्ट स्वस्तात मिळतात. मुलांच्या खेळासाठी आज घ्यावं का? आणि सुटा किनेक्ट पीसीला लागतो का?

---

तारकेबल

@वाचक_नाशिक, खोलीत सोफा सोडून ८ फूट मोकळे असतील तर घ्या. हे तपासून घ्या:

३६० चा 'एस' किंवा 'ई' प्रकार असेल तर मागे ऑक्स पोर्ट असतं, किनेक्टला वीज तिथूनच मिळते. जुना पांढरा मोठा ३६० असेल तर यूएसबी आणि विजेची जोडवायर लागते, १२ व्होल्ट १.०८ अँपिअरची. डब्यासोबत आलेल्या किनेक्टबरोबर ही वायर मिळत नाही, सुट्या विकलेल्यासोबत मिळायची. विकणाऱ्याला हेच आधी विचारा. पीसीला जोडायलाही तीच वायर आणि एसडीके १.८.

दुकानात चालू करून बघा: मान आपोआप वर-खाली व्हायला हवी, कडकड आवाज नको.

एक्सबॉक्स ३६० चं ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं. त्यामुळे डिस्कवरचेच गेम घ्या: किनेक्ट ॲडव्हेंचर्स, किनेक्ट स्पोर्ट्स, डान्स सेंट्रल. फ्रूट निंजा किनेक्ट फक्त डाउनलोडचा होता, नव्याने घेता येणार नाही. डिस्कचा प्रदेश (ती ज्या देशांसाठी विकली तो गट) कन्सोलशी जुळतो का तेही बघा.

दुसरा किनेक्ट पीसीसाठी घेणार असाल तर १२ व्होल्ट २.६७ अँपिअरचा ॲडॉप्टर, यूएसबी ३ आणि एसडीके २.० लागतं. यूएसबी कंट्रोलर इंटेल किंवा रेनेसासचा असावा, बाकीच्यांवर चित्र तुटतं. त्याच कंट्रोलरवर बाहेरची हार्ड डिस्क लावू नका. ॲडॉप्टर सोबत नसेल तर किनेक्ट फुकट मिळाला तरी थांबा, आधी ॲडॉप्टर शोधा.